मिरचीच्या गच्चीवरचं विमान

आमच्या घरी आलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग रामराम करायचा. धुळ्याला देवपुरात, गोंदूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यातल्या पुढच्या खोलीत आबांचं मिरची कांडायचं यंत्र. त्या यंत्राचे लोखंडी दांडे वर जायचे, खाली आदळायचे, आणि घरातली भांडी मांडणीवर थरथरायची. लाल धूळ दाराच्या फटीतून, गोधडीच्या टाक्यांतून, माझ्या वेणीतून कुठूनही निघायची. आमच्याकडचा चहासुद्धा घशाला चुरचुरायचा. आबा नाकाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दिवसभर यंत्रापाशी उभे असत. त्यांच्या हातांत तिखट इतकं मुरलेलं होतं की लहानपणी त्यांनी आमच्या गालांना कधी हात लावला नाही. लाड करायचे झाले तर कोपरानं ढकलायचे. शाळेत बाकावर माझ्याशेजारी बसणारी मुलगी नाक पुसत उठून दुसरीकडे जायची, आणि बाई मला म्हणायच्या, "कांडपवाल्यांची ना तू? खिडकीशी बस." मी खिडकीशी बसले म्हणूनच कदाचित मला विमानं दिसू लागली.

उन्हाळ्यात मिरचीचा हंगाम, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसे. पावसाळ्यात यंत्र गप्प. मग सकाळी कळण्याची, म्हणजे उडीद मिसळलेल्या ज्वारीची, भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी तीच भाकरी ताकात कुस्करून. आई म्हणायची, "पोट भरनं ना? मंग झालं." आजकाल हॉटेलात कळण्याची भाकरी 'खास खान्देशी' म्हणून वाढतात आणि माझ्या ऑफिसातली मंडळी तिचे फोटो काढतात. मी दुसरं काही मागवते.

गोंदूरला धावपट्टी होती आणि तिथे विमान चालवायला शिकवत. दोन माणसं बसतील एवढी ती विमानं, एका इंजिनाची, पांढरी, गल्लीतल्या रिक्षेला पंख लावावेत तशी. सकाळपासून ती आमच्या डोक्यावरून गोल घालायची. गच्चीवर वाळत घातलेली मिरची पायानं उलटवणं हे माझं काम होतं, आणि ते करताना मी मान वर करूनच असे. वीज गेली की आबांचं यंत्र बंद पडायचं आणि मग वरचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. चढताना दाटलेला, आमच्या लिंबाच्या झाडावर आला की जरा सैल होणारा, उतरताना पातळ. विमानाचं वेड म्हणावं तर आमच्या घरात वेडालासुद्धा जागा नव्हती. पण तो आवाज माझा होता. बाकी गल्लीतलं कुणी मान वर करत नसे.

मी कॉलेजात गेले, बी.एस्सी.ला, कॉम्प्युटर विषय घेऊन. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवीच्या वर्गात बसलेलं मी पहिलं माणूस. आबांनी कांडपाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते सांगितलं. मी शेवटच्या वर्षाला असताना जळगावहून नानामामांचा निरोप आला, की आमची पिंकी विमान शिकायला धुळ्याला येते आहे, फुईकडे राहील.

आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. पिंकीची फुई म्हणजे माझी आई. नानामामांचा केळीचा व्यवसाय होता, ट्रक होते, घरापुढे झोपाळा होता. पिंकी माझ्याहून वर्षानं लहान, आजीचं नाक दोघींनाही आलेलं, आणि आजीची उंचीसुद्धा. म्हणजे नव्हतीच. दोघी उभ्या राहिल्यावर आबा म्हणायचे, "या आल्या दोन उखळ्या." एकच नाक, एकच उंची, एकाच बाईच्या नाती. आणि विमानात बसणार ती. मला हेवा वाटला. साधा नव्हे, मिरचीच्या हातानं डोळा चोळल्यासारखा. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. पुढे जे काही मी केलं त्यातलं निम्मं त्या आगीवरच शिजलं.

गच्चीवर एक खोली होती, मिरचीची पोती ठेवायची. आईनं ती रिकामी करून, तीनदा धुऊन, चुना लावून पिंकीला दिली. कूलरही वर गेला. पोती खाली आमच्या अंथरुणाशी आली.

मी म्हटलं, "आई, कूलर तरी खाली राहू दे. आबांना उकडतं."

"मन्हा भाऊनी पोर शे ती," आई म्हणाली. "माहेरना माणूसले कमी पडाले नको."

आईच्या राज्यात माहेरच्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असा नियम होता. मामा म्हणाले आज अमावस्या, तर आज अमावस्या. पिंकी म्हणाली भाजी अळणी, तर सगळ्यांच्या ताटात पुन्हा मीठ. ती पहाटे विमानतळावर जायची, ऊन तापायच्या आत उडून यायची, आणि आई तिला शेवभाजी आणि गरम भाकरी घालून म्हणायची, "पोर उपाशी गयी तर इमान कसं चालाडी?" पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. माझी आई तो शर्ट माझ्या ओढणीआधी धुवायची, लाल डाग पडेल म्हणून.

पिंकीनं जळगावहून कॉम्प्युटर आणला होता आणि सोबत एक जॉयस्टिक, म्हणजे विमानासारखी धरायची काठी. ती डावीउजवीकडे पिळली की पायातले पेडल दाबल्यासारखं व्हायचं. त्यात विमान उडवायचा सिम्युलेटर होता. सरावासाठी घेतलेला, पण ती दोन दिवसांत कंटाळली. "हे काही आमच्या विमानासारखं नाही, नंदाताई. हे आपोआपच उडतं. खेळणं आहे." मग दुपारी ती कूलरपुढे झोपायची आणि मी खुर्चीत बसायचे. माझी पाळी विमानाची नव्हे, विमानाच्या चित्राची. तरीही पहिल्यांदा जेव्हा ती पडद्यावरची धावपट्टी माझ्याखालून निसटली, तेव्हा मी श्वास धरला होता, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

सायबर कॅफेत जाऊन मी शोधलं तेव्हा कळलं, की जगभरची माणसं या सिम्युलेटरमधली विमानं बदलतात. त्याला मॉड म्हणतात. विमान म्हणजे आत आकड्यांनी भरलेली एक फाईल. पंख किती, वजन किती, इंजिन किती ओढतं, चालवणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती वर, सगळे आकडे. आकडा बदलला की विमानाचा स्वभाव बदलतो. कंपनीनं केलेलं विमान कुठल्या तरी थंड देशातलं होतं. आमच्या मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते, विमान जड होतं, रडत चढतं. ते मला गच्चीवरून ऐकून ठाऊक होतं. तेव्हा ठरवलं, गोंदूरचं विमान आपण करायचं. जिच्याकडे खरं आहे ती झोपते आहे, तर निदान खोटं तरी माझं असेल, आणि असं असेल की खरंवालीनं तोंडात बोट घालावं.

पण मी त्या विमानात बसले नव्हते. बसलेली होती पिंकी. म्हणून रोज जेवताना मी तिला पिळून काढायचे.

"पळायला लागलं की काय करतं?"

"डावीकडे ओढतं."

"किती?"

"खूप. कितीही पेडल दाबलं तरी."

"आणि उतरताना?"

"तरंगतं. खाली बसतच नाही मेलं. अर्धी धावपट्टी संपते."

"समोर काय दिसतं?"

"समोर? घड्याळं दिसतात. धावपट्टी विमानाच्या नाकामागे लपते. नाक खाली केलं की दिसते."

आई मध्येच म्हणायची, "नंदा, तिले जेवू दे ना. पोलीस शे का तू?" मी मात्र दुपारी वर जाऊन डावीकडची ओढ वाढवायचे, उतरतानाचं तरंगणं वाढवायचे, डोळ्यांचा आकडा खाली आणायचे. मग पिंकीला उठवून बसवायचे. ती उडवायची आणि म्हणायची, "अजून थोडं." मी अजून थोडं करायचे. एके दिवशी ती उतरली, म्हणजे पडद्यावर तरंगत तरंगत धावपट्टीच्या टोकाला गेली, आणि काठी सोडून म्हणाली, "अगदी हेच. नंदाताई, हे आमचंच विमान आहे." त्या दिवशी मी खाली येऊन आबांच्या यंत्रापाशी उभी राहिले आणि मिरच्या ओतू लागले. आबांनी कोपरानं ढकललं. त्यांना काय समजलं कोण जाणे.

इकडे पिंकीचं खरं काही बरं चाललं नव्हतं. तिच्याबरोबरची पोरं एकटी उडून आली होती. शिक्षक शेजारी नसताना पहिल्यांदा एकट्यानं विमान वर नेऊन खाली आणायचं, त्यावर सगळं अवलंबून असतं. पिंकीला कुणी एकटं सोडत नव्हतं. नानामामा केळीच्या ट्रकबरोबर येऊन गेले तेव्हा ओसरीवर बसून आईला म्हणाले, "अक्का, आखाजीपर्यंत पाहतो. नाही जमलं तर घेऊन जातो. एरंडोलचं स्थळ आलंय, चांगलं आहे, ठिबकचं दुकान आहे त्यांचं." पिंकी दारामागे उभी होती. मीही होते. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं ते हे, की पिंकी गेली की कॉम्प्युटर जाईल. मग तिचा चेहरा पाहिला. तो माझाच चेहरा होता, आजीच्या नाकाचा, आणि अकरावीत आबांनी मला 'फीचे पैसे आणायचे कुठून' विचारलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर असेल तसं काही तरी त्यावर होतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात लेकींचा सण. लग्न झालेल्या बायका माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आईला मिरचीच्या हंगामामुळे कधी माहेरी जाता आलं नाही. त्या वर्षी माहेरच घरी आलं होतं, म्हणून तिनं उलटं खापर चुलीवर चढवून पुरणाचे मांडे केले. हातावर पसरून पसरून मांडा कोपरापर्यंत आला की ती तो खापरावर टाकायची, आणि पाहणाऱ्याचाच जीव वर येई. तिनं पिंकीच्या थोरल्या शिक्षकांनाही जेवायला बोलावलं. त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, वऱ्हाडातले. ते आले, दारात शिंकले, आणि म्हणाले, "वा, नाक मोकळं झालं."

आई पदर सावरून वाढत होती. "साहेब, रस घ्या ना आखो. लाजू नका."

"ताई, आणखी घेतला तर मला उचलायला मोठं विमान लागेल."

पिंकी ताट संपवून म्हणाली, "सर, वर चला. नंदाताईनं आपलं विमान केलंय. अगदी आपलंच."

मी पुढे जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. गच्चीवर मिरची पसरलेली, खोलीत कूलरचा घरघराट. आबासुद्धा हात धुऊन वर आले होते, दारात उभे. कॅप्टनसाहेब खुर्चीत बसले, काठी धरली, पडद्याकडे पाहिलं, आणि खुर्चीतच जरा उंच झाले. पडदा काही उंच झाला नाही. मग त्यांनी विमान पळवलं. ते डावीकडे गेलं. त्यांनी काठी पुरी पिळली. तरी डावीकडे. गोल घालून उतरायला आले, सावकाश, नाक जरा वर, आणि विमान तरंगत राहिलं, तरंगत राहिलं, धावपट्टी संपून शेतात गेलं.

त्यांनी काठी सोडली. मी वाट पाहत होते, एका शब्दाची.

"हे आपलं विमान नाही," ते म्हणाले.

पिंकी म्हणाली, "सर, असंच तर आहे. अगदी असंच करतं."

"तुझ्या हातात करतं." ते माझ्याकडे वळले. "बेटा, हे आकडे कुठून घेतलेस?"

"हिनं सांगितले."

"आणि हे डोळे इतके खाली?"

"तेही तिनंच. समोर घड्याळं दिसतात म्हणाली."

त्यांनी पडद्यावरच्या घड्याळांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तू विमान नाही केलंस. तू प्राजक्ता केलीस." पिंकीचं पाळण्यातलं नाव प्राजक्ता. "मी तिच्या उजव्या हाताला बसतो. माझ्या उंचीवरून मला सगळं दिसतं. तिच्या डोळ्यांतून मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. अगं, एवढ्या खाली बसल्यावर धावपट्टी दिसायची कशी? दिसत नाही म्हणून ही नाक खाली करते, नाक खाली म्हणून वेग वाढतो, वेग जास्त म्हणून तरंगते. आणि पाय टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून डावीकडे जाते." त्यांनी तिला विचारलं, "उशी घेऊन का बसत नाहीस? ठेवलेल्या आहेत ना तिथे."

पिंकी खाली पाहत होती. "पोरं हसतात. म्हणतात, बाई लोड-तक्के लावून बसल्या, आता पान मागवा."

आबा दारातून म्हणाले, "हसू दे ना पोरी. दात त्यांचे, जातं तुझं काय?"

सगळे हसले, पिंकीसुद्धा. मी नाही. माझी काय स्थिती झाली ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इतके महिने मी एक गोष्ट फक्त माझी म्हणून घडवत होते, आणि तिच्यातही निघाली पिंकीच. तिचा पाय, तिचे डोळे, तिची घाई. कंपनीच्या विमानात निदान कुणीच नव्हतं. आणि माझ्या चुकीचा फायदाही तिलाच. मी एकदाही तिला म्हटलं नव्हतं, की पिंके, तू चुकत असशील. माहेरच्या माणसाचा शब्द. आईच्या नियमानं मी विमान बांधलं होतं.

आईनं त्याच दुपारी उशी शिवायला घेतली. जुन्या लुगड्याची खोळ, आत घट्ट ठासलेला कापूस, एक बुडाखाली आणि एक पाठीला, म्हणजे पाय पुढे पोचतील. मशीनवर बसून मला म्हणाली, "तू बस बरं यावर. तुन्ही न तिन्ही उंची एकच शे." मी बसले. तिच्या उशीचं माप माझ्या अंगावर घेतलं गेलं. इतकं पुरे नव्हतं का?

नव्हतं. कॅप्टनसाहेब निघाले तेव्हा मी जिन्यात त्यांना गाठलं. "सर, मला एकदा बसू द्या. उडवू नका. नुसतं जमिनीवर, बंद विमानात बसू द्या."

"कशासाठी?"

"मला विमान करायचं आहे. तिच्यातून नाही. माझं मी."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "उशी घेऊन ये," म्हणाले.

विमानं ठेवायच्या हँगरमध्ये तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. मी शिडीसारख्या दांड्यावर पाय ठेवून आत गेले, उशीवर बसले, आणि समोर उघड्या दारातून धावपट्टी दिसली. सबंध. गोंदूरची बाभळीची रांग, त्यामागे देवपुरातल्या घरांची गिचमीड, आणि त्यात एका गच्चीच्या कठड्यावर लाल रेघ. आमची मिरची. वरून नव्हे, जमिनीवरूनच, पण विमानातून. मी पेडल पुरे दाबून पाहिले, पाय पोचत होता. डोळ्यांची उंची मापली, काचेच्या कडेपासून नाकापर्यंतचं अंतर मापलं. कॅप्टनसाहेब बाहेर उभे राहून माझ्या प्रश्नांना उत्तरं देत होते आणि माझं संपत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तुझ्यासारखी चौकशी आमच्याकडे पैसे भरून येणारीसुद्धा करत नाहीत." हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

आखाजीनंतर थोड्याच दिवसांनी पिंकी एकटी उडाली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गच्चीवर मिरची उलटवत होते आणि आवाज ओळखीचा असूनही वेगळा आला. दोन माणसांचं वजन नव्हतं त्यात. विमान लवकर चढलं, लिंबाच्या आधीच आवाज सैल झाला. मी खाली ओरडले, "आई, पिंकी एकटीच आहे वर." आई पिठाच्या हातानं आली, आबा यंत्र बंद करून आले. विमान सरळ आलं, नाक जरा वर, पातळ आवाज करत झाडांमागे उतरलं आणि परत वर आलं नाही, म्हणजे नीट बसलं. आई रडली. आबांनी डोळे पुसले नाहीत, तेवढं त्यांना भान होतं. मी उभी राहून पाहत होते, आणि छातीत तीच जुनी आग होती, तितकीच. आनंद झाला का, असं पिंकीनं नंतर विचारलं. मी म्हटलं, "झाला. पण तुझ्याइतका कसा होईल?" ती म्हणाली, "खरं बोलतेस म्हणून तू आवडतेस." मग आम्ही दोघींनी एका ताटात भाकरी खाल्ली, शिळी, दुधात कुस्करून.

मी विमान पुन्हा पहिल्यापासून केलं. पिंकीच्या तोंडून आलेला एकही आकडा ठेवला नाही. आमच्या उन्हासाठी इंजिनाची ओढ कमी केली, आवाज गच्चीवरून टेप करून बसवला, त्यात मागे कुठे तरी आबांच्या यंत्राचे ठोके आले आहेत, ते काढले नाहीत. पावसाळ्यात, यंत्र गप्प असताना, कॅप्टनसाहेब पुन्हा येऊन खुर्चीत बसले. उडवलं, गोल घातला, उतरवलं. विमान धावपट्टीच्या सुरुवातीलाच, मधल्या रेषेवर बसलं. त्यांनी लगेच पुन्हा उडवलं. तिसऱ्यांदा उडवायला लागले तेव्हा आबा म्हणाले, "साहेब, भाकरी थंड होते."

एरंडोलचं स्थळ दुसरीकडे गेलं. पिंकी आज मोठ्या विमानांची कॅप्टन आहे. मी वैमानिकांना शिकवायचे आणि तपासायचे सिम्युलेटर तयार करते, पुण्यात. सहा महिन्यांनी एकदा वैमानिकांना त्यात बसून परीक्षा द्यावी लागते, आणि मागच्या खेपेला आमच्याकडे पिंकी आली. चष्मा लागला आहे तिला, मलाही. आत जाऊन तिनं पहिल्यांदा आसन वर केलं, मग काचेतून माझ्याकडे पाहून हात केला. ती खरी उडते, मी उडत नाही, आणि हेवा अजून वाटतो. वाटू दे.

त्या पावसाळ्यात मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. आणि मिरचीच्या गच्चीवर मी जे विमान केलं, ते कॅप्टनसाहेबांनी गोंदूरला नेलं, आणि त्यावर तिथली पोरं पुढे कितीतरी वर्षं शिकली.